सांगलीकरांचे समाधान दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यात सापडणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्याचा अर्थसंकल्प तोंडावर आला की ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध होते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली चौकट दिसते. जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न. मुंबई, ठाणे, पुणे वर. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली खाली. मध्ये कुठेतरी सांगली आणि सातारा. मग सांगली पुढे की कोल्हापूर पुढे, साताऱ्याने कोणाला मागे टाकले, यावर आठवडाभर बोलणे चालते, आणि बोलता बोलता उत्पन्नाचा क्रमांक हाच राहण्याच्या सुखाचा क्रमांक होऊन बसतो. आकडे चुकीचे असतात असे आम्हाला म्हणायचे नाही. ते मेहनतीने काढलेले असतात. पण ते कशाचे आहेत आणि कशाचे नाहीत, हे चौकटीत कधी छापून येत नाही. ते सविस्तर मांडावे म्हणून हे लांबलेले पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे त्या तक्त्यात ‘सांगली’ असे लिहिलेले असले तरी ते सांगली शहर नव्हे. आपल्याकडे शहराचे उत्पन्न सरकारी पातळीवर स्वतंत्रपणे काढलेच जात नाही. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचे काढते. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार होती आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची सुमारे ५ लाख ३ हजार, म्हणजे शंभरात अठरा माणसे. उरलेली ब्याऐंशी शहराबाहेर. वाळव्याचा ऊस, तासगावचा बेदाणा, जतचे डाळिंब, भिलवडीचे दूध, किर्लोस्करवाडीचे पंप हे सगळे त्या एका आकड्यात आहे. शिराळ्याचा मुसळधार पाऊस आणि आटपाडीचे माळरानही त्यातच. हा आकडा हातात घेऊन हरभट रोडवरच्या फेरीवाल्याचे किंवा कुपवाड एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या कामगाराचे बरे चालले आहे असे म्हणणे म्हणजे धरणाची पातळी बघून घरातल्या नळाला पाणी आले असे समजणे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती सांगली-साताऱ्याला इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त लागू आहे. जिल्ह्याचे उत्पन्न ‘जिथे निर्माण झाले तिथे’ या तत्त्वाने मोजतात, ‘ज्याच्या घरात आले तिथे’ या तत्त्वाने नव्हे. विटा-खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाई व्यावसायिक मंडळी पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. त्यांची कमाई ज्या त्या राज्याच्या उत्पन्नात जाते. गावाकडे पाठवलेला पैसा, त्यातून उभे राहिलेले घर, मुलांच्या शाळेची फी, यांतले काही सांगलीच्या उत्पन्नात दिसत नाही. पाटण, जावळीतून मुंबईला गेलेल्या माथाडी कामगारांचेही तेच. ज्या गावांची चूल पन्नास वर्षे मनीऑर्डरवर पेटली, त्यांची मिळकत मुंबईच्या खात्यात आणि खर्च साताऱ्याच्या वाण्याकडे. उलटही घडते. एखाद्या मोठ्या कारखान्याचा नफा जिल्ह्यात निर्माण झाला म्हणून जिल्ह्याच्या नावावर चढतो, पण भागधारक दुसरीकडे असले तर तो पैसा इथल्या कोणाच्या हातात पडत नाही.

त्यात सगळे आकडे जिल्ह्यातून थेट गोळा होतात असेही नाही. पिकांचे उत्पादन जिल्ह्यावार मिळते, नोंदणीकृत कारखान्यांची वार्षिक पाहणी असते. छोटे उद्योग, दुकानदारी, वाहतूक, घरगुती सेवा यांचा बराचसा भाग मात्र राज्याच्या एकूण आकड्यातून, त्या त्या कामात किती माणसे आहेत अशा निकषांवर जिल्ह्यांना वाटून दिलेला असतो. म्हणजे मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात झाले की मंदावले, याचा पूर्ण पडसाद त्या वर्षीच्या आकड्यात उमटेलच असे नाही.

भागाकारातला खालचा आकडाही जुना आहे. ‘दरडोई’ काढायला लोकसंख्या लागते. शेवटची जनगणना २०११ ची, २०२१ ची झाली नाही, पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची. मधल्या सगळ्या वर्षांची लोकसंख्या अंदाजाने वाढवलेली आहे. शहराच्या बाबतीत हद्दही बदलते. सातारा नगरपालिकेची २०११ ची १ लाख २० हजार ही लोकसंख्या जुन्या हद्दीची; २०२० मध्ये हद्दवाढ झाली. जुन्या लोकसंख्येने नव्या हद्दीतल्या गोष्टींना भागले की साताऱ्याचा प्रत्येक नागरिक कागदावर एका रात्रीत सधन होतो.

आणि मग सरासरी. दहा घरांची एक गल्ली घ्या. नऊ घरांत महिना १५,००० रुपये येतात, दहाव्यात ३,६५,०००. एकूण पाच लाख, सरासरी ५०,०००. गल्लीत ५०,००० मिळवणारे घर एकही नाही. घरे उत्पन्नाच्या क्रमाने उभी करून मधल्या घराचे उत्पन्न पाहिले, म्हणजे मध्यगा काढली, तर १५,०००. दहाव्या घराची कमाई दुप्पट झाली तर सरासरी ८६,५०० होईल आणि मध्यगा तिथेच राहील. दरडोई उत्पन्नाच्या वाढीची बातमी वाचताना बाकीच्या नऊ घरांना ती आपली वाटत नाही, याचे कारण इतके साधे आहे.

आता मोजले काय जाते ते पाहू, कारण उत्पन्न आणि समाधान यांची फारकत इथेच सुरू होते. शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते म्हणून नळाच्या पाण्यावर विश्वास राहत नाही, आणि माणूस वीस लिटरचा जार घेतो. जारला ३० रुपये धरले तर वर्षाला १०,९५० रुपये. असे दहा हजार घरांनी केले तर जवळजवळ अकरा कोटी रुपयांचा खर्च होतो, आणि जार भरणारा, पोचवणारा, फिल्टर विकणारा यांची त्यातली मिळकत जिल्ह्याच्या उत्पन्नात जमा होते. नदी स्वच्छ असती तर हा खर्च झालाच नसता, घरात अकरा हजार शिल्लक राहिले असते आणि जिल्ह्याचे उत्पन्न तेवढ्यापुरते कमी दिसले असते. अर्थशास्त्रात याला बचावात्मक खर्च म्हणतात. डासांची कॉइल, खड्ड्यांमुळे वारंवार बदलावे लागणारे शॉकॲब्सॉर्बर, मुलाला रस्त्यावर सायकल चालवता येत नाही म्हणून लावलेली रिक्षा, सगळे याच खात्यातले. मिरजेची रुग्णालये हा आपला अभिमान आहे आणि कर्नाटकातून येणाऱ्या रुग्णांमुळे शहराला खरोखर उत्पन्न मिळते. पण सांगलीचाच माणूस जास्त वेळा आजारी पडला तरी उत्पन्न तसेच वाढते. तक्त्याला दोन्ही सारखेच.

पुराचा हिशेब तर प्रत्येक सांगलीकराने समजून घ्यावा असा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. दुकाने बंद राहिली त्या दिवसांचे उत्पन्न बुडाले, तेवढे आकड्यात घटते. पण भिजलेला माल, खचलेली भिंत, वाहून गेलेले फ्रीज आणि गाद्या हे स्थूल उत्पादनातून वजा होत नाहीत. राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत आपत्तीने झालेली मालमत्तेची हानी घसाऱ्यातही धरत नाहीत. तिच्यासाठी ‘मालमत्तेतील इतर बदल’ असे वेगळे खाते आहे आणि ते जिल्हा पातळीवर मांडले जात नाही. त्यानंतर जे सुरू होते ते मात्र सगळे मोजले जाते. गाळ काढण्याची मजुरी, मोटारसायकलींचे इंजिनकाम, रंगारी, सुतार, नवीन फ्रीज. दहा वर्षांची बचत घालून घर पूर्वीसारखे केले, तर घरातल्या माणसाच्या लेखी तो शून्यावर आला. उत्पन्नाच्या लेखी चांगले वर्ष गेले. शिवाय जुलै उजाडला की कोयनेतून किती क्युसेक सोडले, अलमट्टीची पातळी किती, आयर्विनला किती फूट, हे तासातासाला मोबाइलवर बघत जगणे, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर इथे पावसाळ्याआधीच जड सामान माळ्यावर चढवून ठेवणे, या घोराला कुठल्याही लेख्यात रकाना नाही.

घरकामाचेही तसेच. केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातले बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे आढळले, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दिवसाचे पावणेपाच-पाच तास उत्पन्नात शून्य धरलेले आहेत. पाणी दिवसातून एकदा, पहाटे चारला येत असेल तर या मिनिटांचा आणि झोपेचा थेट संबंध असतो. दरडोई उत्पन्न तसूभर न बदलता केवळ पाण्याची वेळ सकाळी सहाला आणली तर एका प्रभागातल्या हजारो बायकांचे दिवस बदलतात. आणि फुकट मिळणाऱ्या आनंदाला तर किंमतच नसते. मिरजेच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतिसभेत रात्रभर ऐकलेले गाणे, कृष्णेच्या घाटावरची संध्याकाळ, अजिंक्यताऱ्यावर पहाटे चढून जाणे, यांना तिकीट नाही म्हणून हिशेबात जागा नाही.

यावर कोणी म्हणेल, नुसत्या उत्पन्नाच्या पलीकडे जाणाऱ्या क्रमवाऱ्या आता आहेतच. आहेत. केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालयाचा राहणीयोग्यतेचा निर्देशांक २०१८ मध्ये १११ शहरांसाठी निघाला आणि पुणे पहिले आले. २०२० च्या आवृत्तीत दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू पहिले, पुणे दुसरे. पुण्याचे काही बिघडले का? बंगळुरूला ६६.७०, पुण्याला ६६.२७, फरक ०.४३. शिवाय मधल्या काळात मोजण्याची रीतच बदलली होती: दुसऱ्या वेळी जीवनमानाला ३५ टक्के, नागरिकांच्या मतांना ३०, शाश्वततेला २० आणि आर्थिक क्षमतेला १५ टक्के भार होता, पहिल्या वेळी नागरिकांना विचारलेलेच नव्हते. आमच्या विषयाला सगळ्यात उपयोगी गोष्ट त्याच अहवालात आहे. आर्थिक क्षमतेत बंगळुरू सर्वांत वर होते, तर नागरिकांच्या मतांत भुवनेश्वर पहिले, त्यामागे सिल्वासा, दावणगिरी, काकीनाडा. एकाच निर्देशांकाच्या दोन रकान्यांचे पहिले मानकरी वेगळे निघाले. सांगली किंवा सातारा स्मार्ट सिटी योजनेत नव्हते आणि दहा लाखांच्या वरही नाहीत, त्यामुळे अशा मोजणीत आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

अशा मिश्र निर्देशांकांत दोन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिले ठिकाण भारांचे. एका शहराला अर्थकारणात ८० आणि जीवनमानात ५० गुण, दुसऱ्याला अनुक्रमे ५० आणि ७०. दोन्हींना निम्मा-निम्मा भार दिला तर पहिले शहर ६५ विरुद्ध ६० असे जिंकते. अर्थकारणाला ३० आणि जीवनमानाला ७० टक्के दिले तर दुसरे ६४ विरुद्ध ५९ असे जिंकते. दोन्ही शहरांत एक वीटही हललेली नसते. दुसरे ठिकाण गुण शून्य ते एकच्या पट्टीवर आणण्याचे. तीन शहरांचे दरडोई उत्पन्न १, १.५ आणि २ लाख असेल तर सर्वांत कमीला ०, सर्वांत जास्तीला १ आणि मधल्याला ०.५ मिळतात. यादीत ६ लाखांचे एक शहर घातले की तेच तिघे ०, ०.१ आणि ०.२ वर येतात. अर्ध्या गुणाचे अंतर एक दशांशावर आले, ते केवळ चौथ्याच्या येण्याने. म्हणून आमचा आग्रह असा की शहरांना एकत्रित एक गुण देऊच नये. रकाने वेगळे ठेवून वाचावेत.

मात्र ‘पैशाने सुख येत नाही’ हे वाक्य आम्हाला मान्य नाही, आणि ते बहुधा पोटभर जेवलेला माणूस बोलतो. जगभरच्या पाहण्यांत उत्पन्नाबरोबर समाधान वाढतेच, फक्त ते रुपयांच्या नव्हे, पटींच्या हिशेबाने वाढते. १०,००० चे २०,००० झाल्यावर जितका फरक पडतो, साधारण तितकाच १ लाखाचे २ लाख झाल्यावर. डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेत असे दाखवले की वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे रोजच्या भावनिक स्वास्थ्यात भर पडत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ मध्ये तशी मर्यादा दिसली नाही. २०२३ मध्ये कानेमान आणि किलिंग्जवर्थ यांनी एकत्र बसून किलिंग्जवर्थ यांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा मर्यादा दिसली ती सर्वांत दुःखी अशा वीसेक टक्क्यांत; इतरांचे समाधान वाढत राहिले. ज्याचे दुःख आजारपणाचे, एकटेपणाचे किंवा वियोगाचे आहे त्याला एका टप्प्यानंतर पैसा पुरा पडत नाही, असा त्याचा साधा अर्थ. मार्केट यार्डातल्या हमालाच्या घरात महिन्याला पाच हजार जास्त आले तर समाधान नक्की वाढेल. पण जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न पाच हजारांनी वाढले म्हणून त्याच्या घरात ते आले असे होत नाही.

मग समाधान मोजायचे कसे? लोकांना विचारून, आणि नीट विचारून. जागतिक आनंद अहवालात देशांचा क्रम एकाच प्रश्नावर लागतो. हॅडली कॅन्ट्रिल यांची शिडी: तळाशी ०, टोकाला १०, टोक म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य तितके चांगले आयुष्य, तळ म्हणजे शक्य तितके वाईट, आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? उत्पन्न, आधार देणारी माणसे, निरोगी आयुर्मान, निवडीचे स्वातंत्र्य, औदार्य आणि भ्रष्टाचाराची भावना हे सहा घटक क्रम लावायला वापरत नाहीत, फरकांचे कारण शोधायला वापरतात. बातम्यांत हे नेहमी उलटे छापले जाते.

मराठीत हा प्रश्न विचारताना शब्द जपून निवडावा लागतो. ‘तुम्ही सुखी आहात का?’ असे विचारले तर माणूस घरदार, शेतीवाडी, मुलांची नोकरी मोजू लागतो, कारण ‘सुखवस्तू’, ‘खाऊनपिऊन सुखी’ या शब्दांत पैसा आधीच बसलेला आहे. मग उत्पन्न आणि सुख यांचे नाते जोरदार निघाले तर ते अर्धे भाषेने घडवलेले असते. ‘आनंदी आहात का?’ म्हटले की त्या दिवसाची मनःस्थिती येते. आयुष्याच्या एकूण मूल्यमापनाला ‘समाधान’ हा शब्द जवळचा, पण त्यात ‘जे आहे त्यात गोड मानून घेणे’ मिसळते. म्हणून शिडीचे चित्र दाखवून पायरी विचारणे सर्वांत बरे; कोणताही शब्द पुढे करावा लागत नाही. शिवाय आपल्याकडे ‘कसं काय?’ला ‘बरं चाललंय’ हेच उत्तर असते, आणि फार चांगले आहे म्हटले तर दृष्ट लागेल असे मनात येतेच. म्हणून शिडीला जोड म्हणून कालच्या दिवसाबद्दल पाच प्रश्न घ्यावेत, उत्तर फक्त हो किंवा नाही: काल मनापासून हसलात का? काळजी वाटली का? राग आला का? अंग दुखले का? झोप पुरली का? कालची गोष्ट आठवून सांगायची असल्याने त्यात शिष्टाचार कमी शिरतो. मिरजेत उर्दू आणि कन्नड भाषेतली प्रश्नावलीही हवी.

नमुन्याचा हिशेब सांगलीपुरता मांडतो. महापालिकेत २० प्रभाग. प्रत्येक प्रभागातून मतदारसंख्येच्या प्रमाणात संधी देऊन ६ मतदान केंद्रे चिठ्ठीने निवडावीत, प्रत्येक केंद्राच्या हद्दीत यादृच्छिक सुरुवात करून ठरावीक अंतराने ८ घरे. प्रभागात ४८ आणि शहरात ९६० मुलाखती. वर्षातून चार फेऱ्या: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, म्हणजे पाणीटंचाई, पूर आणि दिवाळी यांपैकी एकाच ऋतूचा रंग वर्षाला लागत नाही. वर्षाच्या ३,८४० मुलाखती, प्रभागाला १९२. पायरीच्या उत्तरांचे प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरे सरासरीभोवती किती विखुरलेली आहेत त्याचे माप, २.३ धरले आणि एकाच गल्लीतली घरे एकमेकांसारखी असतात याबद्दल दीडपट सूट दिली, तर प्रभागाच्या सरासरीत ०.४ पायरीची आणि शहराच्या सरासरीत ०.०९ पायरीची कमी-जास्त शक्यता राहते. एक मुलाखतकार दिवसाला ८ मुलाखती करतो, त्यामुळे एका फेरीला १२० मनुष्यदिवस. बारा जणांचे दहा दिवस. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींना प्रशिक्षण आणि योग्य मानधन देऊन हे होण्याजोगे आहे. फुकट राबवून घेऊ नये. घरी बसून फॉर्म भरले जातात ते तिथेच.

बिघडते कुठे, तेही सांगायला हवे. घरपट्टीच्या यादीवरून घरे निवडली तर भाडेकरू आणि झोपडपट्टी सुटते. सकाळी दहा ते पाच फिरले तर गृहिणी आणि निवृत्त माणसेच भेटतात. किमान निम्म्या मुलाखती संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी व्हाव्यात, आणि कुपवाडला पाळीची सुट्टी बघून. घर बंद असले तर शेजारच्या घरात शिरायचे नाही, त्याच घरी आणखी दोनदा जायचे. बंद घरातली माणसे कामाला गेलेली असतात, तीच गाळली तर पाहणी रिकाम्या वेळेच्या माणसांची होते. घरातून कोणाला विचारायचे, तर दार उघडले त्याला नव्हे. परदेशात ‘ज्याचा वाढदिवस सर्वांत आधी येतो तो’ असा नियम वापरतात. आपल्याकडे शाळेत घालताना लावलेल्या १ जून या तारखेमुळे एका घरात तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो. त्याऐवजी घरातल्या प्रौढांची वयानुसार यादी करून किश यांच्या तक्त्याने, म्हणजे यादीतला कितवा माणूस घ्यायचा हे आधीच ठरवून देणाऱ्या तक्त्याने, निवड करावी. सून निवडली गेली असेल तर सासूसमोर उत्तर घेऊ नये. शिडीचा प्रश्न सर्वांत आधी. आधी रस्ते-गटारींचे विचारले की माणूस त्याच तिरीमिरीत आयुष्याची पायरी सांगतो. मुलाखतकाराच्या गळ्यात महापालिकेचे ओळखपत्र नसावे. असले की लोक एकतर तक्रार लिहून घ्यायला सांगतात, नाहीतर गोड बोलतात. आणि क्यूआर कोडवर मते मागवून त्याला पाहणी म्हणू नये. तिथे लाखभर उत्तरे आली तरी ती स्वतःहून आलेल्यांचीच असतात, संख्या वाढल्याने तो दोष जात नाही.

या उत्तरांशेजारी महापालिकेकडे आधीच असलेल्या नोंदी प्रभागवार ठेवाव्यात: पाणी किती वेळ आणि किती वाजता, तक्रार मिटायला लागलेले दिवस, बंद पथदिवे, कुत्रे चावल्याच्या घटना, चालत दहा मिनिटांच्या आत मोकळे मैदान आहे का. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांच्या दिवसाचा तपशील कानेमान आणि सहकाऱ्यांनी घेतला, तेव्हा सर्वांत नकोसा वेळ कामावर जाण्या-येण्याचा निघाला. सांगली-मिरज दहा किलोमीटरला लागणारी मिनिटे दरमहा मोजून ठेवणे म्हणूनच क्षुल्लक नाही.

निष्कर्ष छापताना प्रभागांना पहिला-विसावा असे क्रमांक देऊ नयेत. दोन प्रभागांत साधारण ०.५७ पायरीपेक्षा कमी फरक असेल तर तो फरक मानू नये. सरासरीच्या आधी चौथ्या किंवा त्याखालच्या पायरीवर किती टक्के लोक आहेत हे छापावे. सरासरी ६ असलेल्या दोन प्रभागांपैकी एकात सगळे ५ ते ७ वर असू शकतात आणि दुसऱ्यात निम्मे ९ वर, निम्मे ३ वर. तळाच्या पायऱ्यांवरच्या माणसांना अडचण कशाची आहे, पाणी, पूर, कर्ज, आजारपण की एकटेपणा, याचा स्वतंत्र तक्ता द्यावा. पैसे कुठे घालायचे ते स्थायी समितीला त्या तक्त्यावरून कळेल.

आपल्या दैनिकाला एक विनंती. पुढच्या आर्थिक पाहणीनंतर ती चौकट छापाल तेव्हा तिच्याखाली तीन ओळी जरूर द्याव्यात: हा आकडा शहराचा नसून जिल्ह्याचा आहे, तो सरासरीचा आहे, मधल्या घराचा नाही, लोकसंख्या २०११ वरून अंदाजलेली आहे. आणि महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात वर्षाच्या ४८० मनुष्यदिवसांच्या मानधनाची तरतूद आहे का, हे आपल्या वार्ताहराने विचारावे. पहिली फेरी फेब्रुवारीत घ्यायची तर मुलाखतकारांचे प्रशिक्षण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उरकावे लागते.

आपले,
संख्याशास्त्र व अर्थशास्त्राचे दोन निवृत्त अध्यापक,
विश्रामबाग, सांगली